घराची राखण आणि क्लेचा नेम: एका बंदुकीत दोन्ही?

नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे गावापासून दूर मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांत बारा बोअरच्या बंदुकीचा विषय नवा नाही. रात्री दरोड्याची धास्ती, उसात बिबट्या. अशा घरातल्या कुणाला ट्रॅप नेमबाजीची, म्हणजे हवेत उडवलेली चकती (क्ले) छर्र्याने फोडण्याच्या खेळाची ओढ लागली, की वाटू लागते, परवाना काढायचाच तर बंदूक अशी घेऊ, जी घरही राखेल आणि क्लेही फोडेल. कायदा या विचाराच्या आड येत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 13 किमान 20 इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या बंदुकीचा परवाना संरक्षण किंवा खेळ या दोन्ही कारणांसाठी एकाच वाक्यात सांगते. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, म्हणजे काटकसरीलाही अर्थ आहे. तरीही माझे मत असे की, ही बंदूक घ्यायची तर खेळासाठीच घ्यावी. घराची राखण तिच्या भरवशावर सोडू नये.

गैरसमजांची सुरुवात सिनेमातल्या पंप अ‍ॅक्शनपासून होते. नळीखालची मूठ मागे-पुढे ओढली की त्या आवाजानेच चोर पळतो, आणि हीच बंदूक मैदानातही चालते, अशी समजूत आहे. आवाजाने कोण पळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. मैदानाचे मात्र नक्की सांगता येते: आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत पंप अ‍ॅक्शनला मनाई आहे. उलट घरात वळवायला सोपी म्हणून आखूड नळी शोधावी, तर 20 इंचांपेक्षा कमी नळीची बंदूक कलम 13 च्या या तरतुदीत बसत नाही. मग उरते ती दुनळी. बिजागरीवर मोडली की दोन्ही नळ्यांची तोंडे उघडी पडतात, काडतुसांची पितळी बुडे दिसतात किंवा आरपार उजेड दिसतो. बंदूक भरलेली की रिकामी, हे चार पावलांवरच्या माणसालाही कळते. मैदानावर हीच तिची मोठी सोय. पण ट्रॅपसाठी घेतलेली 30 इंच नळीची दुनळी दस्त्यासकट सव्वा मीटरच्या आसपास भरते. घराच्या बोळात किंवा जिन्याच्या वळणावर ती धड फिरत नाही.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा आहे: छर्रे पसरतात, तेव्हा नेमाची गरज नाही, आणि क्लेचे काडतूस हलके, त्याने फार तर जखम होईल. ट्रॅपच्या काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रा भरतात, साडेसात नंबरचे सुमारे तीनशे दाणे. क्ले म्हणजे 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची चकती. ती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने दूर जात असते. नेमबाज तिला साधारण तीस-पस्तीस मीटरवर गाठतो, तेव्हा आवळ चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा अरुंद भाग) सुटलेला छर्रा पाऊण मीटरभर पसरलेला असतो. घरातले अंतर चार-पाच मीटरचे. तिथे तो फार तर पंजाएवढा पसरतो, आणि इतक्या जवळून तेच हलके काडतूस जीव घेऊ शकते. चुकलेला बार प्लायवूडच्या दारातून पलीकडच्या खोलीत जाऊ शकतो, आणि तिथे आपलीच माणसे झोपलेली असतात.

परवाना म्हणजे बार टाकण्याची मुभा, हाही भ्रमच. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी त्यात येते. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही. बिबट्याचेही तसेच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. त्याची शिकार केल्यास किमान 3 वर्षे कैद आहे. जीव वाचवताना सद्भावनेने केलेली कृती कायदा माफ करतो, पण वासरू नेले म्हणून घातलेली गोळी त्यात बसत नाही.

यावर मळ्यातला शेतकरी विचारेल की 112 ला फोन केला तरी पोलीस पोहोचेपर्यंत आम्ही काय करायचे? प्रश्न खरा आहे, तो झटकता येणार नाही. पण 2016 च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी द्यावी लागते. लेकराबाळांच्या घरात याचा अर्थ एकच: बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात. मध्यरात्री झोपेतून उठून दोन कुलपे उघडायची, अंधारात काडतुसे भरायची आणि समोरचा दरोडेखोर की उशिरा परतलेला भाऊ हे ओळखायचे, हे सारे एका मिनिटात जमेल असे गृहीत धरू नये. ते जमावे म्हणून भरलेली बंदूक उशाशी ठेवली, तर धोका रोजचा होतो, तोही आधी घरच्यांना. वस्तीभोवती उजेड, आतून आडणा असलेले भक्कम दार, कुत्रा, शेजारच्या वस्तीशी ठरलेली हाक हे सगळे चोर दाराशी येण्याआधीच काम करते.

नाशिकला नेमबाजीची गोडी लावणारे भीष्मराज बाम स्वतः पोलीस सेवेतले होते आणि नेमबाजांना ते आधी मन स्थिर करायला शिकवत. ओढ खरी असेल तर आधी एखाद्या नेमबाजी संघटनेत नाव घाला आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली वर्षभर सराव करा. मग बदलता चोक असलेली, एकावर एक नळीची बारा बोअर घ्या. अर्ज पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. त्यात कारण लिहिताना खेळ हेच लिहा.