क्रीमशिवाय क्रीमी, रंगाशिवाय हिरवंगार!

'सूप' म्हटलं की हॉस्टेलवासीयांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनमधलं लालभडक टोमॅटो सूप, आणि दुसरी म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री गरम पाण्यात ढवळलेलं पाकिटातलं सूप. या दोन्हींच्या पलीकडे एक तिसरं सूप आहे. हिरवंगार, दाट, चमच्यातून सावकाश पडणारं. हॉटेलच्या मेनूकार्डावर त्याला 'क्रीम ऑफ स्पिनॅच' म्हणतात, आणि समोरचा आकडा बघून आपण गुपचूप टोमॅटोकडे वळतो! खरं तर हे पालकाचं सूप घरच्या स्वयंपाकघरात अर्ध्या-पाऊण तासात होतं. तेही क्रीम, मैदा, कॉर्नफ्लॉवर यातलं काहीही न घालता. त्यासाठी थोडी केमिस्ट्री आणि थोडं फिजिक्स लागतं, आणि तेवढं तर फर्स्ट इयर संपल्यावरही आपल्या डोक्यात शिल्लक असावं.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

कारण गंभीर आहे. यंदाच्या रक्तदान शिबिराला आमच्या मजल्यावरच्या सात जणी मोठ्या उत्साहाने गेल्या, आणि चार जणी रक्त न देताच परत आल्या. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम लागतं. या चौघींचं त्याच्या खाली होतं. चौघीही रोज कॉलेजला येतात, जर्नल पूर्ण करतात, जिने चढताना दम लागला तर 'झोप झाली नाही' म्हणतात. आपल्याला काही झालंय असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ही फक्त आमच्या मजल्याची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं दिसलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण 25 टक्के होतं, म्हणजे बॉईज हॉस्टेलनेही हे पान उलटून पुढे जाऊ नये!

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ॲनिमिया सूप पिऊन बरा होत नाही. त्यासाठी रक्त तपासायचं, डॉक्टरांना भेटायचं, आणि दिलेल्या गोळ्या न चुकता घ्यायच्या. पण रोजच्या जेवणात हिरवी भाजी यायलाच हवी, आणि मेसमधली काळपट, पाणी सुटलेली पालक भाजी ताटातून थेट खरकट्याच्या बादलीत जाते, हे आपण सगळे बघतो. जी भाजी पोटातच जात नाही, तिच्यातलं लोह कितीही असलं तरी उपयोग शून्य. म्हणून भाजी चवीला आणि दिसायला चांगली करणं हा सुद्धा आरोग्याचाच प्रश्न आहे.

हिरवा रंग जातो कुठे?

पालक हिरवा दिसतो तो हरितद्रव्यामुळे, म्हणजे क्लोरोफिलमुळे. क्लोरोफिलच्या रेणूत एक मोठं कडं असतं आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. गंमत म्हणजे आपल्या रक्तातल्या हीमचं कडंही जवळजवळ तसंच, फक्त त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमऐवजी लोह! या दोन्ही रेणूंच्या रचनेवर काम करणाऱ्या हान्स फिशर या जर्मन शास्त्रज्ञाला 1930 साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. (याचा अर्थ पालकाचं थेट रक्त होतं असा नाही. व्हायव्हात असं उत्तर देऊ नका.)

भाजी शिजताना उष्णता आणि आम्ल एकत्र आलं की हा मॅग्नेशियम कड्यातून निघून जातो आणि त्याच्या जागी हायड्रोजन येतो. जो पदार्थ तयार होतो त्याचं नाव फिओफायटिन, आणि रंग लष्करी गणवेशासारखा मळकट हिरवा. मेसच्या पालकाचा तो ओळखीचा रंग हाच. आम्ल बाहेरून घालायलाच हवं असं नाही. पानांमध्येच ते असतं, आणि शिजताना पेशी फुटल्या की बाहेर पडतं. वर झाकण ठेवलं तर वाफेबरोबर उडून जाणारी आम्लंही आतच कोंडली जातात. त्यात टोमॅटो घातला की मग बघायलाच नको!

यावर तीन नियम निघतात. पालक कमी वेळ शिजवायचा, झाकण ठेवायचं नाही, आणि आंबट काही घालायचं नाही. काही जण खायचा सोडा घालतात. त्याने रंग हिरवा राहतो हे खरं, पण पानांचा लगदा होतो आणि 'क' जीवनसत्त्व, थायमिन यांचा नाश होतो. रंग राखून पोषण घालवायचं, हा सौदा काही परवडणारा नाही.

साहित्य (चार जणांसाठी)

निवडलेला पालक 250 ग्रॅम (साधारण एक मोठी जुडी), पिवळी मूग डाळ 50 ग्रॅम, एक मध्यम बटाटा, एक कांदा, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, दोन चमचे तूप, थोडं जिरं, मिरपूड, मीठ आणि एक लिंबू.

कृती

1. मूग डाळ धुवून अर्धा तास भिजवा. बटाटा सोलून चिरा. दोन्ही तीन कप पाण्यात घालून कुकरमध्ये तीन शिट्या करा. डाळ अगदी गळायला हवी.

2. पालक तीन पाण्यांनी धुवा. माती खाली बसते, म्हणून पाणी ओतून न देता पाने वरून उचलून घ्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळा, त्यात पालक घाला आणि घड्याळ लावून एक मिनिटाने काढा. काढल्या काढल्या गार पाण्यात टाका, म्हणजे शिजणं तिथेच थांबेल.

3. कढईत तूप तापवून जिरं, लसूण, आलं आणि कांदा मऊ होईपर्यंत परता. कांदा लाल करू नका, नाहीतर सुपाचा रंग मळतो.

4. डाळ-बटाटा आणि परतलेला कांदा कोमट होऊ द्या. मग पालक पिळून त्यात घाला आणि सगळं मिक्सरमधून अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवा.

5. पातेल्यात काढून, लागेल तसं पाणी घालून, एकच उकळी आणा. मीठ, मिरपूड घाला आणि गॅस बंद करा. लिंबू वाढताना, वाटीत पिळायचं!

चौथ्या पायरीबद्दल कळकळीची सूचना. उकळतं सूप मिक्सरच्या भांड्यात भरून झाकण घट्ट लावू नका. पातं फिरलं की आतली हवा एकदम तापते, वाफ वाढते, दाब वाढतो आणि झाकण उडतं. गरम सूप अंगावर आणि छतावर! थर्मोडायनॅमिक्सचं हे प्रॅक्टिकल न केलेलंच बरं. आधी कोमट होऊ द्या आणि भांडं अर्धंच भरा.

मग क्रीम कुठे गेलं?

क्रीम घातल्यावर जिभेला जो मऊपणा लागतो तो दोन गोष्टींमुळे: दाट द्रव आणि त्यात विखुरलेले स्निग्धतेचे बारीक थेंब. या दोन्ही गोष्टी दुसऱ्या मार्गानेही मिळतात. बटाट्यातला स्टार्च साधारण 60-65 अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगतो आणि द्रव दाट करतो. डाळीतला स्टार्च आणि प्रथिनं त्यात भर घालतात. मिक्सर फिरताना तुपाचे थेंब बारीक होतात, आणि ही प्रथिनं त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. झालं इमल्शन तयार!

तिसरी गोष्ट म्हणजे कणांचा आकार. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा मोठा कण जिभेला रवाळ लागतो, त्याहून लहान असेल तर मऊ. म्हणून मिक्सर पंधरा सेकंदांऐवजी पूर्ण दोन मिनिटं चालवायचा, मध्ये थांबून थांबून. तरीही दोरे राहिले तर गाळणीतून काढा.

हे काही परदेशातून आलेलं ज्ञान नाही हं. आपल्या आज्या ताकातल्या पालकाच्या पातळ भाजीला बेसन लावतात ते याचसाठी. बेसन भाजी दाट करतं आणि ताक फाटूही देत नाही. अळूच्या फदफद्याला क्रीम लागलेलं कुणी ऐकलंय का?

लिंबू, चहा आणि खरा हिशोब

भाज्या-डाळींमधलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. डाळीतलं फायटेटही त्यात आडवं येतं. 'क' जीवनसत्त्व हा अडथळा बराच कमी करतं, म्हणून लिंबू हवंच. पण लिंबू म्हणजे आम्ल, आणि आम्ल म्हणजे मळकट रंग! शिवाय 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. या सगळ्यावर एकच उत्तर: लिंबू गॅसवर नाही, वाटीत. दोन मिनिटांत सूप पिऊन होतं, तेवढ्यात रंग काही बदलत नाही.

याच्या उलट काम चहा करतो. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. म्हणून जेवण झाल्या झाल्या टपरीवर पळायचं नाही, किमान तासभर थांबायचं. (हे वाक्य लिहिताना मलाही त्रास झाला.)

पालक उकळलेलं पाणी मात्र टाकून द्या. पालकात ऑक्सलेट भरपूर असतं, त्यातलं काही या पाण्यात उतरतं. या ऑक्सलेटमुळेच पालकातल्या कॅल्शियमपैकी फारच थोडं अंगी लागतं, त्यामुळे कॅल्शियमसाठी दूध-दही वेगळं घ्यावं. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पालक रोज खाऊ नये. अर्थात पाण्याबरोबर थोडं 'क' जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं, म्हणूनच फक्त एक मिनिट. आणि तूप बघून डाएटवाल्यांनी दचकू नये. पालकातलं बीटा-कॅरोटीन शोषलं जायला थोडी स्निग्धता लागतेच.

आता हिशोब. 100 ग्रॅम पालकात सुमारे 3 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे 250 ग्रॅममध्ये 7.5. डाळीतून साधारण 2 मिलिग्रॅम. एकूण 9.5, भागिले चार, म्हणजे एका वाटीत जास्तीत जास्त 2.4 मिलिग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे तरुण स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला 19. म्हणजे मुलींसाठी एक वाटी सूप साधारण बारावा भाग! कमी वाटतं ना? पण हा आकडा लपवण्यात अर्थ नाही. उरलेले अकरा भाग मेथी, माठ, मटकी, हरभरे, नाचणी, बाजरी, आणि जे खातात त्यांच्यासाठी मटण-मासे यांतून यायचे आहेत. पाकिटातल्या सुपाशी तुलना करायची असेल तर पाकीट उलटं करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. स्टार्च, साखर, मीठ आधी आणि पालक शेवटी दिसला, तर आपण नक्की काय पितोय ते कळेल.

मेस कमिटीसाठी

शंभर जणांसाठी करायचं तर सगळं गुणिले पंचवीस: पालक सव्वासहा किलो, डाळ सव्वा किलो. पण स्केल-अप म्हणजे नुसता गुणाकार नव्हे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. समजा पातेल्यात 5 लिटर उकळतं पाणी आहे. त्यात 25 अंशांचा 1 किलो पालक टाकला तर मिश्रण साधारण 87 अंशांवर येतं. सगळा सव्वासहा किलो एकदम टाकला तर थेट 58 अंशांवर! (पालकात बहुतेक पाणीच असतं, म्हणून विशिष्ट उष्णता पाण्याइतकी धरली आहे.) मग पुन्हा उकळी येईपर्यंत पालक कोमट पाण्यात पडून राहतो, आणि रंग तिथेच जातो. म्हणून एकेक किलो घालायचा, काढायचा, पुन्हा उकळी आणायची.

दुसरं म्हणजे सूप दोन तास गॅसवर ठेवायचं नाही. डाळ-बटाट्याचा भाग गरम ठेवा, पालकाची पेस्ट वेगळी ठेवा, आणि पंगत बसेल तशी थोडी थोडी मिसळून उकळी आणा. शेवटच्या पंगतीलाही पहिल्या पंगतीसारखंच हिरवं सूप मिळेल. टेबलावर लिंबाच्या फोडी ठेवल्या की काम झालं.

हिवाळ्यात पालक ताजा आणि स्वस्त मिळतो. आठवड्यातून एक रात्र मेसने हे सूप करून बघावं, आणि त्या रात्री बादलीत किती गेलं ते कमिटीने स्वतः जाऊन बघावं. बाकीच्यांनी सुट्टीत घरी जाऊन आईला 'आज किचन माझं' म्हणावं. आणि हो, पुढच्या शिबिराची वाट न बघता एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ही अशी टेस्ट आहे जिच्यासाठी आदल्या रात्री जागावं लागत नाही!