हातातला पाना खाली ठेवताना

लग्नाचा बस्ता बांधायला किंवा चार मणी करायला म्हणून तुम्ही नागपूरच्या इतवारीत कधी ना कधी आला असाल. सराफ्यातून निघावे, कापडाच्या दुकानांतून वाट काढावी आणि मस्कासाथेच्या अंगाला यावे, तो धान्याचा आणि मिरचीचा वास नाकात शिरतो. याच बाजूला एक दाल मिल आहे. फार मोठी नाही, तीस-पस्तीस माणसे कामाला. तिथे एक मिस्त्री अठरा वर्षे काम करतो. तुरीचे टरफल काढणारे रोलर, चाळण्या, धान्य वर चढवणारा बादल्यांचा पट्टा, यांतल्या कशाचे काय दुखते आहे ते त्याला नुसत्या आवाजावरून कळते. गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो माझ्याकडे आला. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काकाजी, सेठजी म्हणून रायले का मिस्त्रीपणा सोड, आता सारी मिल तूच पाह्य. घेऊ का नोको, सांगा बरं."

त्याने मला विचारले, कारण याच वाटेने मी एकदा गेलो आहे, आणि ठेचही खाल्ली आहे. प्रश्न काही दाल मिलपुरता नाही. तुमच्या गावच्या शाळेत वीस वर्षे उत्तम गणित शिकवणाऱ्या गुरुजींना मुख्याध्यापक करतात, तेव्हा तोच प्रश्न त्यांच्यापुढे येतो. मोटारपंप दुरुस्त करणारा कारागीर चार पोरे हाताखाली घेतो, तेव्हाही तोच. वय चाळिशीच्या आसपास, हात कामावर बसलेला, लोकांत नाव झालेले. आणि नेमके तेव्हाच सांगण्यात येते की, आता हे काम तू करू नकोस, दुसऱ्यांकडून करवून घे.

आपली समजूत अशी की, जो उत्तम कारागीर तोच उत्तम कारभारी होणार. या समजुतीला इतवारीपासून फार लांब नसलेल्या एका जागेचा इतिहास दुजोरा देत नाही. जुम्मा तलावाच्या काठची एम्प्रेस मिल तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. ती बंद पडल्यालाही आता वीस वर्षांवर काळ लोटला आहे. पण सुरुवातीला तिचा कारभार कोणाच्या हाती दिला होता, ते पाहण्यासारखे आहे. मॅनेजर म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. हे गृहस्थ आले होते रेल्वेच्या मालवाहतुकीच्या खात्यातून. कापसाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. मात्र माल, माणसे आणि वेळ यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यांना माहीत होते.

मग यंत्रे कोण पाहणार? त्यासाठी लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी हे निराळे जाणकार होते. त्या वेळी सूत कातायला म्यूल नावाचे यंत्र सर्रास वापरत. त्याची गाडी पुढे जाई तेव्हा धागा ओढला जाई, पीळ बसे. मागे येई तेव्हा तो गुंडाळला जाई. म्हणजे काम थांबून थांबून. रिंगच्या चातीवर पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, अखंड चालते. १८८३ च्या सुमारास ब्रुक्सबींनी अशी दोन रिंग यंत्रे नागपूरला आणून चालवून पाहिली. खुद्द लँकेशायरच्या गिरण्यांचा या नव्या चातीवर तेव्हा फारसा विश्वास नव्हता, आणि इकडे आपल्या नागपुरात तिची परीक्षा चालली होती.

आता मेहतांपुढचे काम पाहा. इथला मजूर नव्याने गिरणीत आलेला. शेतीचा हंगाम आला, घरी लग्नकार्य निघाले, की तो कामावर येत नसे. चाती कितीही वेगाने फिरणारी असो, तिच्यापाशी माणूसच उभा नसेल तर काय उपयोग! हे दुखणे पाना घेऊन दुरुस्त होणारे नव्हते. त्यावर इलाज निघाले ते बक्षिसांचे, गिरणीतली हवा सुसह्य करण्याचे, १८८६ साली सुरू केलेल्या पेन्शन फंडाचे आणि १८९५ पासून दिल्या जाणाऱ्या अपघाताच्या भरपाईचे. यांतले बरेचसे जमशेटजींच्या मनातून आले हे खरे, पण रोजच्या रोज ते चालवायचे होते मॅनेजरला. एका इमारतीत दोन निरनिराळी कामे होती, आणि दोघांनी ती वाटून घेतली होती.

तुमची-माझी अडचण अशी की, आपल्याला एकाच अंगात आधी ब्रुक्सबी आणि मग मेहता व्हावे लागते. तेही एका सोमवारी सकाळपासून.

माझी गोष्ट सांगतो. मी राहणारा इतवारीचा, पण नोकरी विदर्भातल्या दुसऱ्या एका गावच्या कापड गिरणीत. सोळा वर्षे मी विणाई खात्यात काढली, आधी मागावर आणि मग जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे आपल्या वाट्याचे माग ठाकठीक ठेवणारा माणूस. अडतिसाव्या वर्षी मला सुपरवायझर केले. पेढे वाटले, आईने दृष्ट काढली. पहिल्याच आठवड्यात एक माग सारखा बंद पडू लागला. नवा जॉबर पोरगा घाबरला. मी म्हटले, "हो बाजूला," आणि पाना घेऊन मागाखाली शिरलो. वीस मिनिटांत माग सुरू! सगळे बघत होते. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मग हे रोजचेच झाले. जिथे माग अडे तिथे मी. संध्याकाळी कपडे तेलात माखलेले पाहून मला वाटे, आज खरे काम झाले.

एक म्हातारे जॉबर होते. ते एकदा म्हणाले, "काहून जी, पाना तुम्हीच धरसान, तं या पोट्ट्याच्या हाती काय देसान?" मी हसण्यावारी नेले.

साधारण दोन महिन्यांनी असेच झाले. मी एका मागाखाली पाठीवर पडलो होतो. चार ओळी पलीकडे धोटा उडाला. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत मारा करणारी लाकडी नळी. दोन्ही टोकांना तिला धातूची अणी असते. ती वाटेवरून सुटली की गोळीसारखी येते. म्हणून मागाला धोटा अडवणारी जाळी, म्हणजे गार्ड, लावतात. त्या मागाचा गार्ड ढिला झाला होता. धोटा शेजारच्या विणकराच्या भुवईवर बसला. बोटभर खाली बसता तर डोळा गेला असता. तेवीस वर्षांचा पोरगा होता.

गार्ड ढिला असल्याची चिठ्ठी कोणी लिहिली नव्हती असे नाही. लिहिली होती. ती तीन दिवसांपासून माझ्याच शर्टाच्या खिशात होती. मला ती फिटरकडे धाडायची होती, फिटर आला की नाही ते पाहायचे होते आणि तोवर तो माग बंद ठेवायचा हुकूम द्यायचा होता. तिन्ही मिळून दहा मिनिटांचे काम. पण ते काम आहे असे मला वाटतच नव्हते. चिठ्ठी इकडून तिकडे देणे, हे काय काम? काम म्हणजे पाना.

त्याच्या आईला मी दवाखान्यात भेटलो. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, कारभाऱ्याच्या दिवसातले पुष्कळसे काम डोळ्यांना दिसत नाही. कोण आला नाही, त्याच्या जागी बदली कोण उभा करायचा, सुताचे बीम संपत आले आहे का, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे पाहण्यात पाळी जाते आणि हाताला तेलाचा डागही लागत नाही. संध्याकाळी "मी आज काय केले?" असा प्रश्न पडतो. मुख्याध्यापक झालेल्या पुष्कळ गुरुजींनी मला अगदी हेच सांगितले आहे. पत्रके भरली, पोषण आहाराचा हिशेब लिहिला, दोन पालकांची समजूत घातली. फळ्यावर एक अक्षर उमटले नाही आणि शाळा सुटली! या रितेपणाला घाबरून माणूस पुन्हा जुन्या कामात शिरतो. मीही तसाच शिरलो होतो.

दुसरी गोष्ट जुन्या सोबत्यांची. काल ज्यांच्या डब्यातली भाकर खाल्ली, त्यांची रजा आज नाकारायची असते. या बाबतीत अमेरिकेतला एक दाखला आहे. फ्रेडरिक टेलर हे नाव व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नेहमी येते. हा खाऊनपिऊन सुखी घरचा मुलगा, पण १८७८ साली फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात मजूर म्हणून लागला, लेथवर काम करू लागला आणि मग त्याच लेथवाल्यांवर नाईक झाला. काम कुठे मुद्दाम सावकाश चालते ते त्याला आतून ठाऊक होते. त्याने ते वाढवायचे ठरवले आणि दोन-तीन वर्षे सोबत्यांशी उभा दावा मांडला. उत्पादन वाढले. पण १९१२ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने स्वतःच कबूल केले की, ज्याच्या तोंडाकडे पाहावे त्याच्या डोळ्यांत वैर दिसे, असले जिणे कोणी जगू नये. टेलरच्या पद्धतीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पण ही कबुली मला खरी वाटते.

तिसरी गोष्ट पैशाची आणि कायद्याची. ती सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडी खुलासेवार सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने नेमलेल्या तासांवर काम केले तर कामगाराला दुप्पट दराने मजुरी मिळे. पण देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या जागेवरच्या माणसाला राज्य सरकारच्या नियमांनी त्यातून वगळता येई. म्हणजे पगार वाढला तरी ओव्हरटाइम गेला. माझ्या घरी पहिल्या दिवाळीलाच हे लक्षात आले. तसेच १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेख करणारा माणूस ठरावीक पगारावर गेला की 'कामगार' या व्याख्येतून बाहेर पडे. ही मर्यादा आधी महिना ५०० रुपये होती, १९८२ च्या दुरुस्तीने १६०० ठरली आणि २०१० च्या दुरुस्तीने १०,०००. व्याख्येबाहेर गेला की कामावरून काढल्यास त्या कायद्याचा आसरा नसे. कायदे बदलत असतात. तेव्हा पदाची चिठ्ठी हाती पडली की पेढ्यांच्या आधी आपल्या पदाला आज कोणता नियम लागतो, ते जाणत्याकडून समजून घ्यावे.

मग पाना कायमचा टाकायचा का? तसे मुळीच नाही. यंत्राचा कान गमावलेला सुपरवायझर लवकरच लोकांच्या थापांना बळी पडतो. पण पाना दुसऱ्याच्या हातात देता आला पाहिजे, आणि देण्याचीही एक रीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतले जाणते लोक कमी पडू लागले, तेव्हा मुकादमांनी नवख्यांना कसे शिकवावे याची एक पद्धत तिथे बसवली गेली. १९५० नंतरच्या काही वर्षांत ती आपल्याकडेही आली, कापड गिरण्यांत आली. तिच्या चार पायऱ्या. आधी माणसाची भीती घालवून त्याला काय येते ते विचारायचे. मग काम करून दाखवायचे, आणि करताना कारण सांगायचे. मग त्याच्याकडून करवून घ्यायचे, आणि त्याने ते बोलत बोलत करायचे. शेवटी त्याला एकट्याला सोडायचे, पण अधूनमधून फेरी मारायची. शिक्षक मंडळी हसतील, म्हणतील यात नवे ते काय? खरे आहे. म्हणूनच मला वाटते की, चांगला मुख्याध्यापक होणे हे चांगल्या शिक्षकाला जितके अवघड वाटते तितके नाही. त्याने मुलांना शिकवायची रीत फक्त मोठ्या माणसांवर वापरायची आहे, मानापमान सांभाळून.

त्या अपघातानंतर मी खिशात चिठ्ठ्या ठेवणे बंद केले आणि एक वही केली. डाव्या पानावर कोणी काय सांगितले, उजव्या पानावर ते कोणाकडे दिले आणि कधी झाले. उजवे पान कोरे दिसले की पाळी संपली तरी मी घरी जात नसे. माग अडला की मी त्या नव्या जॉबरच्या मागे हात मागे बांधून उभा राहू लागलो. मला वीस मिनिटे लागत ते त्याला सव्वा तास लागे. तो सव्वा तास उभा राहणे हे माझ्या नोकरीतले सगळ्यात कठीण काम. शेजारून म्हातारे जॉबर जात आणि डोळ्यांनीच विचारत, "कसं?" सहा-सात महिन्यांत पोरगा पस्तीस मिनिटांवर आला.

भुवईला खूण राहिलेला तो विणकर पुढे त्याच खात्यात राहिला. वर्षभराने त्याने मला एकदा चहा पाजला, एवढेच.

दाल मिलच्या मिस्त्रीला मी हे सारे सांगितले आणि म्हटले, घ्यायचे तर घे. पण आधी सेठजींना तीन गोष्टी विचार. माणसाला रजा द्यायचा आणि कामावर घ्यायचा अधिकार खरोखर तुझा, की नुसते ओरडा खायचे काम तुझे? पगार बैठा किती, आणि रात्री मशीन बिघडले तर त्याचे काय? आणि तुझ्या जागी मिस्त्री कोण, त्याला तयार करायला मुदत किती?

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. पहिल्या प्रश्नाला सेठजी "हो" म्हणाले होते, दुसऱ्याला "पाहू". तिसऱ्यासाठी याने सहा महिने मागितले, सौदा तीनवर तुटला. भंडाऱ्याकडचा एक पोरगा हाताखाली घेतला आहे. "हुशार हाये," तो म्हणाला, "पन बेरिंगचा आवाज अजून ओयखत नाही." मी विचारले, मग तू काय करतोस? तो म्हणाला, "काय करू काकाजी, हात पाठीमागं बांधून उभा रायतो."