न दिसणारे दुखणे

ज्याचा हात मोडला त्याच्या गळ्यात झोळी दिसते. ज्याला ताप आला त्याचे अंग हाताला तापलेले लागते. परंतु कंबरेच्या खाली, कुल्ल्याच्या वरच्या अंगाला जे दुखणे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. म्हणून ते सोसणाऱ्याला दुखण्यासोबत लोकांचा अविश्वासही सोसावा लागतो. या अविश्वासात मीही एकदा भर घातली होती. ती गोष्ट प्रांजळपणे सांगूनच लेखास आरंभ करणे योग्य होईल.

बेळगावकडील एका खेड्यात मिस्सेला एक प्रौढ बाई नियमित येत असत. सर्व मंडळी गुडघे टेकीत तेव्हा त्या बाकाच्या कडेला बसून राहत. भातलावणीच्या दिवसांत मात्र त्यांना शेतात वाकलेल्या मी पाहिले होते. एके रविवारी मी त्यांना म्हणालो, “मावशी, शेतात वाकता येते, मग देवापुढेच गुडघे का टेकवत नाहीत?” त्यांनी उत्तर दिले नाही. मान खाली घालून, एक हात कंबरेवर ठेवून, त्या पायऱ्या उतरून गेल्या.

सन 2018 च्या पावसाळ्यात माझ्याच निवासाच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि मी उजव्या कुल्ल्यावर आपटलो. सूज चार दिवसांत उतरली. दुखणे मात्र राहिले. बसून उठताना, अंथरुणात कूस बदलताना, मोटारसायकलवर टांग टाकताना कंबरेखाली उजव्या बाजूस कळ येई आणि कधी ती मांडीच्या मागून उतरे. वेदीपुढे उजवा गुडघा टेकून पुन्हा उभे राहणे ही रोजची परीक्षा होऊन बसली. एका इस्पितळात क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा हाडे शाबूत निघाली. “तुम्हाला काही झालेले नाही,” असे मला सांगण्यात आले. त्या क्षणी मला मावशींची खाली घातलेली मान आठवली.

आठ महिन्यांनी एका वयोवृद्ध डॉक्टरांनी मला विचारले, “कोठे दुखते ते एकाच बोटाने दाखवा.” पाठीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंस ज्या खळ्या असतात, त्यांपैकी उजव्या खळीच्या किंचित खाली मी बोट ठेवले. त्यांनी पुन्हा विचारले. बोट पुन्हा तेथेच गेले. मग त्यांनी मला निजवून, मांडी पोटाकडे दाबून, पाय बाहेरच्या अंगाला वाकवून, कुशीवर वळवून वरच्या बाजूने भार देऊन पाहिले. अशा 5 परीक्षांपैकी 3 किंवा अधिक परीक्षांत तीच ओळखीची कळ उठली, तर दुखणे या सांध्याचे असण्याचा संभव बराच वाढतो. माझ्या बाबतीत ती 4 परीक्षांत उठली.

हा सांधा कोणता? पाठीचा कणा खाली जेथे संपत येतो तेथे त्रिकास्थी नावाचे त्रिकोणी हाड आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस श्रोणीची रुंद हाडे येऊन मिळतात. या दोन जोडांना डॉक्टर सॅक्रोइलिअॅक सांधे म्हणतात. धडाचा सारा भार येथूनच दोन पायांत वाटला जातो. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांपैकी साधारण 15 ते 30 टक्के लोकांत दुखण्याचे मूळ या सांध्यात असते, असा वैद्यकीय अंदाज आहे.

या सांध्याची उपेक्षा केवळ आपल्या खेड्यांतच झाली असे नाही. सन 1905 मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या डॉक्टरांनी श्रोणीचे सांधे हे कंबरदुखीचे एक कारण असल्याचे मांडले होते. पुढे सन 1934 मध्ये त्याच शहरातील मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती फुटून शीर दाबली जाते हे दाखवून दिले. तो शोध खरा व मोठा होता. तथापि त्यानंतर सर्वांचे लक्ष चकतीकडे लागले आणि हा सांधा कित्येक दशके मागे पडला.

आपल्याकडे “सांधा सरकला” असे म्हणून तो चोळून, ओढून बसवून देणारे पुष्कळ आहेत. याविषयी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सन 1989 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी रुग्णांच्या हाडांत धातूचे सूक्ष्म मणी बसवून या सांध्याची हालचाल मोजली. ती सरासरी अडीच अंश आणि एक मिलिमीटरहूनही कमी भरली. सन 1998 मध्ये पुन्हा स्वीडनमध्येच असे दिसून आले की, हाताने सांधा “बसवल्यावर” रुग्णास बरे वाटले तरी सांध्याची जागा बदललेली नसते. तेव्हा सांधा सरकला आहे या भयाने कोणी आपले अंग अनाडी हातांत देऊ नये.

हे दुखणे कुल्ल्यावर पडल्याने जडते, तसेच गरोदरपणी सांध्यांचे बंध सैल होतात म्हणून बाळंतपणाच्या आगेमागेही जडते. एका पायाची लांबी कमी असणे किंवा कण्याची शस्त्रक्रिया हीही कारणे असू शकतात. परंतु काही प्रसंगी घरगुती उपायांवर विसंबणे घातक ठरते. तरुण वयात दुखणे सुरू झाले, पहाटे जाग येऊ लागली, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ अंग आखडू लागले आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होऊ लागले, तर तो सांध्यांचा दाहक विकार असू शकतो. त्याचा उपचार वेगळा आहे आणि तो लवकर व्हावा लागतो. दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. गुरे पाळणाऱ्यांनी व कच्चे दूध पिणाऱ्यांनी ब्रुसेलोसिस या जनावरांपासून होणाऱ्या रोगाचाही विचार डॉक्टरांपुढे मांडावा. तोही याच सांध्यात घर करतो. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातील शक्ती गेली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

असे काही नसेल, तर पुढचे काम आपले स्वतःचे आहे. फार दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि सांध्याचा आधार जातो. उलटपक्षी, दात-ओठ खाऊन दिवसभर राबल्याने रात्र वैरीण होते. कामाचे माप ठरवणे हाच मधला मार्ग आहे. लावणीत वाकायचे असेल, तर कळ उठण्याची वाट न पाहता पंधरा-वीस मिनिटांनी ताठ उभे राहून चार पावले चालावे. एका कमरेवर भरलेली कळशी आणण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान भांडी आणावी, मग एक खेप जास्त झाली तरी चालेल. मूल सदैव एकाच कडेवर घेऊ नये. मोटारसायकलवर मागे एका बाजूस पाय सोडून बसल्याने कंबरेला पीळ पडतो, तो शक्य तेथे टाळावा. पायऱ्या चढताना आधी बरा पाय टाकावा आणि उतरताना आधी दुखरा. कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी आणि कूस बदलताना गुडघे जुळवून एकदम वळावे. खुर्चीवर बसताना मागच्या खिशातील पाकीट काढून ठेवावे.

व्यायाम हा यातील मुख्य आधार होय. उताणे निजून, गुडघे वाकवून, कंबर हळूहळू वर उचलावी, पाच आकडे मोजेपर्यंत धरावी आणि खाली आणावी. असे आठ-दहा वेळा, झेपेल तितके करावे. पहिल्यांदा हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. गुण दिसण्यास दीड ते तीन महिने लागतात, म्हणून आठवड्यात कंटाळू नये. कामाच्या वेळी पट्टा बांधायचा तर तो पोटावर न बांधता खाली, खुब्यांच्या उंचीवर बांधतात. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या नित्य खाल्ल्याने जठर व मूत्रपिंडे बिघडतात. निनावी चूर्णांच्या पुड्यांत तर स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. एवढे करूनही भागले नाही, तर सांध्यात इंजेक्शन देऊन निदान पक्के करण्याची व आराम देण्याची सोय मोठ्या इस्पितळांत आहे. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते.

माझे दुखणे नाहीसे झालेले नाही. ते आता कोठे थांबावे हे मला कळते इतकेच. परंतु निदान झाल्यावर मी प्रथम मावशींच्या घरी गेलो व माझी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “शेतात वाकले न्हाई तर घर चालत न्हाई, फादर. त्या वाकण्याची कळ मी रात्री मोजते. गुडघ्यावर बसले तर उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. चारचौघांत त्याची लाज वाटते.” तिसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे वीस वर्षे, त्या हे सोशीत होत्या. घरात कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही कधी सांगितले नव्हते.

मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील 43 व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, प्रकृतीमुळे ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांनी त्या वेळी आदराने लवून वंदन करावे. हे मी शिकलो होतो, तरी मावशींच्या बाबतीत मला आठवले नाही. आता त्या बसतात, समयी मान लववतात आणि कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. सूनबाई त्यांना तालुक्याच्या गावी तपासणीस घेऊन गेली. पाण्याच्या खेपा मुलाने आपल्याकडे घेतल्या. दुखणे निम्म्यावर आले असे त्या सांगतात.

वाचकहो, आपल्या घरात उठताना भिंतीचा आधार घेणारे कोणी असेल, तर “वय झाले”, “आळस आहे” असे म्हणण्यापूर्वी त्यांच्याजवळ घटकाभर बसा आणि विचारा, “कोठे दुखते ते एका बोटाने दाखवा पाहू.”