इम्युनोथेरपीचा डोस २४० ऐवजी २० मिलिग्रॅम: टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात नेमकं काय सापडलं?

तोंडाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी आहे, पण खर्च लाखांत जाईल. उपचारांसाठी मुंबई गाठणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांना हे वाक्य नवीन नाही. देवगडला रेल्वे नाही. आधी कणकवली गाठा, नाहीतर रात्रीची गाडी पकडून परळला टाटा मेमोरियलच्या रांगेत उभे राहा. आंब्याचा हंगाम कितीही चांगला गेला तरी दर दोन आठवड्यांनी असा खर्च कोणाला झेपणार?

याच टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला. औषध एवढं लागतंच का?

हे औषध करतं काय?

आपल्या रक्तातल्या टी पेशी शरीरातल्या बिघडलेल्या पेशी शोधून मारतात. त्यांनी अति करू नये म्हणून त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते ब्रेकचं काम करतं. कॅन्सरच्या पेशी याचाच फायदा घेतात. त्यांच्यावरचं पीडी-एल१ हे प्रथिन पीडी-१ला चिकटतं आणि टी पेशी थंड पडते. पीडी-१चा शोध जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळालं.

निवोलुमॅब हे औषध पीडी-१वर जाऊन बसतं आणि जागा अडवतं. ब्रेक दाबला जात नाही. म्हणजे याचं लक्ष्य कॅन्सरची पेशी नाहीच, आपलीच पेशी आहे! म्हणूनच त्याचे दुष्परिणामही वेगळे असतात. ब्रेक सुटलेल्या टी पेशी कधी थायरॉइडवर, कधी फुप्फुसांवर किंवा आतड्यांवर उलटतात.

मग एवढं महाग का?

कारण ते रसायनं मिसळून बनत नाही, जिवंत पेशींकडून बनवून घ्यावं लागतं. निवोलुमॅब हे प्रतिपिंड, म्हणजे एक मोठं प्रथिन आहे. ते कसं बनवायचं याची कृती असलेला जनुक हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालतात. मोठ्या टाक्यांमध्ये या पेशी वाढवतात आणि त्यांनी तयार केलेलं प्रथिन गाळून, शुद्ध करून घेतात. असं जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं प्रथिन म्हणजे रिकॉम्बिनंट प्रथिन. इन्सुलिनही आता असंच बनतं.

याची गोळी का नाही, असं अनेकजण विचारतात. पोटात गेलं तर ते ताटातल्या बांगड्याच्या प्रथिनासारखंच पचून जाईल. म्हणून ते शिरेतून द्यायचं, आणि तोवर २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं.

२० मिलिग्रॅम कुठून आले?

देवगडच्या बंदरात होड्या बांधायला जेवढे खुंटे तेवढ्याच होड्या लागणार. खुंटे भरले की आणखी पन्नास होड्या आल्या तरी त्या बाहेरच थांबणार. पीडी-१चंही काहीसं तसंच आहे. निवोलुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं की, अगदी कमी डोसमध्येही टी पेशींवरच्या या बहुतेक जागा भरतात आणि दोन महिन्यांहून जास्त काळ भरलेल्या राहतात. तरी नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असा ठरला.

टाटामधले डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. ती २०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’त प्रसिद्ध झाली. हे रुग्ण आजार पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेलेले होते. सगळ्यांना तीन प्रकारच्या गोळ्या होत्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब. त्यांतली अर्लोटिनिब कॅन्सर पेशीवरच्या ईजीएफआर या लक्ष्यावर काम करते. निम्म्या रुग्णांना यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० मिलिग्रॅमऐवजी ४०, म्हणजे अठरावा हिस्सा.

फक्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर निवोलुमॅबही मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणामही वाढले नाहीत. संशोधकांच्याच म्हणण्यानुसार, आपल्यासारख्या देशांत खर्चामुळे या आजाराचे प्रमाणित उपचार केवळ १ ते ३ टक्के रुग्णांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे हा आकडा मला फार मोठा वाटतो.

फॉरवर्ड करण्याआधी

‘कॅन्सर २० मिलिग्रॅममध्ये बरा’ असं या अभ्यासात कुठेही नाही. मध्यक आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. घरच्यांसाठी हे महिने मोलाचेच असतात, पण याला बरं होणं म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे, इथे कमी डोसची तुलना पूर्ण डोसशी झालीच नव्हती, निवोलुमॅब न देण्याशी झाली होती. ज्याला पूर्ण डोस परवडतो किंवा मिळतो, त्याने स्वतःहून तो कमी करून मागण्याला हा अभ्यास आधार देत नाही. आणि स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरला हेच आकडे लावता येत नाहीत.

डॉक्टरांना मात्र हे जरूर विचारा: आमच्या रुग्णाला कमी डोसचा हा पर्याय लागू होतो का? आणखी एक व्यवहाराची गोष्ट. निवोलुमॅबची छोटी कुपी ४० मिलिग्रॅमची येते, म्हणजे एका कुपीत दोघांचा डोस. मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी दुसरा रुग्ण असेल तर कुपी वाटून घेता येते का आणि खर्च किती कमी होतो, हे तिथल्या समाजसेवा विभागात विचारता येईल.

गोळ्या घरी घ्यायच्या असतात, त्यामुळे प्रवास तीन आठवड्यांतून एकदाच. फक्त या उपचारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतू शकते. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा.