पुस्तकांचे कपाट ढगात

‘क्लाउड’ म्हणजे ढग खरा; पण तेथे ठेवलेली ई-पुस्तके आभाळात नसतात. ती एखाद्या कंपनीच्या संगणकांवर, चार भिंतींच्या आतच असतात. भाड्याची खोलीच म्हणा ना! गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. तीतच टपाल आणि छायाचित्रेही राहतात. साधे ईपब पुस्तक एकदोन एमबीचे, तेव्हा हजारो मावतील. जुने मराठी ग्रंथ मात्र बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या पीडीएफ रूपात मिळतात. एक ग्रंथ ५० एमबीचा धरला, तर ३०० ग्रंथांत खोली भरली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ‘सिंक’ म्हणजे राखीव प्रत नव्हे. घरच्या संगणकावर पुस्तक पुसले, की ढगातलेही जाते; गूगलच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहते, इतकेच.

विकतच्या पुस्तकांची तऱ्हा आणखी निराळी. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी परस्पर पुसली, कारण विक्रेत्याकडे हक्कच नव्हते. (नेमकी हीच कादंबरी जावी, हा योग ऑर्वेललाही सुचला नसता!) मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले पुस्तकांचे दुकान मिटवले, ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. कुलूपबंद फाईल ढगात नेली तरी किल्ली दुकानदाराकडेच राहते. तेव्हा बिनकुलपाची पुस्तके घ्यावीत आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवावी. ‘कॅलिबर’ वापरणाऱ्यांनी असा संग्रह दोन संगणकांवर एकाच वेळी उघडू नये; त्याची सारी सूची एकाच फाईलीत असते, ती बिघडू शकते.