क्रियेचा वेग आणि वखारीतील माल

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील व्यापाऱ्यांच्या वखारीत जो माल येतो, तो बहुतेक शेतातून येतो : कापूस, सरकी, भुईमूग, तेल, ढेप आणि संत्री. थप्पी लावून कुलूप घातले म्हणजे माल जसाच्या तसा राहिला, असे आपण समजतो. वस्तुतः तो क्षणोक्षणी बदलत असतो. तेल हवेतील प्राणवायू शोषून खवट होत असते, सरकीतील स्निग्धांश फुटून आम्ल बनत असते, संत्रे तोडल्यावरही श्वसन करीत असते. हे बदल थांबविणे कोणाच्याही हाती नाही. मात्र त्यांचा वेग कमी करणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. या वेगाचा अभ्यास करणाऱ्या रसायनशास्त्राच्या शाखेस रासायनिक गतिकी म्हणतात. तिची ओळख सभासद बंधू-भगिनींस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

शिल्लक आणि वेग

या शाखेचा पाया १८५० साली घातला गेला. विल्हेल्मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या पाण्यात आम्ल मिसळले असता साखर किती वेगाने फुटते, हे प्रयोगाने मोजले. त्यास असे आढळले की, कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. पुढे १८६४ साली गुल्डबर्ग व वागे या नॉर्वेच्या दोघा शास्त्रज्ञांनी या विचारास व्यापक नियमाचे रूप दिले.

हा नियम आपणांस वहीखात्याच्या भाषेत सहज समजेल. एखाद्या कुळाकडे हजार रुपये बिनव्याजी येणे आहेत आणि तो दरमहा शिल्लक रकमेचा दहावा हिस्सा फेडतो, असे समजा. पहिल्या महिन्यात १०० रुपये येतील, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात ८१. निम्मी रक्कम फिटण्यास सुमारे साडेसहा महिने लागतील आणि उरलेल्या रकमेची निम्मी फिटण्यास पुन्हा तितकेच. विल्हेल्मीची साखर याच हिशेबाने संपत होती.

उष्णतेचे चक्रवाढ व्याज

वेगावर सर्वांत मोठा परिणाम उष्णतेचा होतो. थंडीत विरजण उशिरा लागते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. शास्त्रज्ञांचा स्थूल नियम असा की, उष्णतामान दहा अंश सेल्सिअसने वाढले म्हणजे अनेक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. ही वाढ सरळ व्याजाची नव्हे, चक्रवाढीची आहे. वीस अंशांस चौपट, तीस अंशांस आठपट, चाळीस अंशांस सोळापट ! हिवाळ्यात २२ अंशांवर असलेली वखार वैशाखात ४२ अंशांवर गेली, तर तेलाचा जो बिघाड चार महिन्यांत व्हावयाचा तो सुमारे एका महिन्यात होईल.

असे का व्हावे ? दहा अंश उष्णता वाढल्याने रेणूंचा सरासरी वेग शेकडा दोननेही वाढत नाही. मग क्रिया दुप्पट कशी होते? याचे उत्तर १८८९ साली स्वीडनच्या अर्‍हेनियसने दिले. आपल्या परिचयाचा दाखला घेऊ. सौंसरहून छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. शंभर गाड्या निघाल्या, तरी ज्यांच्या बैलांत घाट चढण्याचे बळ आहे त्याच पलीकडे पोचतील. रेणूंचेही तसेच आहे. त्यांच्या टकरा असंख्य होतात. परंतु मधला ऊर्जेचा घाट ओलांडण्याइतके बळ फार थोड्यांपाशी असते. उष्णतामान थोडे वाढले की अशा बळकट रेणूंची संख्या एकदम फुगते, म्हणून क्रियेचा वेगही फुगतो.

हाच घाट दुसऱ्या उपायानेही सोपा होतो, तो म्हणजे कमी चढणीचा नवा रस्ता काढणे. जो पदार्थ स्वतः खर्ची न पडता असा रस्ता काढून देतो, त्यास उत्प्रेरक म्हणतात. याविषयीच्या कार्याबद्दल ओस्टवाल्ड यांस १९०९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्प्रेरक कारखान्यात उपकारक असला तरी वखारीत शत्रू ठरतो. तांब्याचा अत्यल्प अंशही तेलाचा खवटपणा वाढवितो. म्हणून कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवू नये. डबा काठोकाठ भरावा, घट्ट मिटावा व उन्हापासून दूर ठेवावा.

आपल्या घरातील मर्यादा

या संदर्भात आपल्या समाजातील एका आचाराचे स्मरण होते. अनेक कुटुंबांत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस व पावसाळ्यात तीन दिवस पाळली जाते. या आचाराचे मूळ जीवरक्षेत, अहिंसेत आहे. त्यास रसायनशास्त्राच्या दाखल्याची गरज नाही. तथापि त्यातील निरीक्षण सूक्ष्म आहे. उष्णता हे एकच कारण असते, तर सर्वांत कमी मुदत उन्हाळ्यास लागली असती. ती पावसाळ्यास लागली, कारण ओलावा हे दुसरे प्रबळ कारण आहे. कोरड्या उष्ण हवेपेक्षा दमट उबदार हवा पिठास अधिक घातक ठरते.

सरकीच्या ढिगातील धोका

हीच दोन कारणे सरकीच्या ढिगात एकत्र आली म्हणजे काय होते, हे जिनिंगवाल्या व तेलगिरणीवाल्या बंधूंनी विशेष लक्षात घ्यावे. ओल्या सरकीत बीजाचे श्वसन व बुरशीची वाढ सुरू होते. त्यातून उष्णता निघते. त्या उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो आणि वेग वाढल्याने आणखी उष्णता निघते. ढिगाची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर आतील माल आठपट होतो. पण उष्णता बाहेर जाण्याचा पृष्ठभाग केवळ चौपट होतो. म्हणून लहान ढीग थंड राहतो, तर मोठ्याचे पोट तापते. उष्णता निर्माण होण्याचा वेग ती बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला की आवर राहत नाही, हे गणित रशियाच्या सेम्योनोव्ह यांनी १९२८ साली मांडले. पुढे रासायनिक क्रियांच्या कार्यपद्धतीवरील संशोधनाबद्दल १९५६ साली त्यांस व इंग्लंडच्या हिन्शेलवुड यांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

सुमारे सत्तर अंशांपाशी बुरशी मरते. परंतु तोवर तापलेल्या मालात हवेतील प्राणवायूची क्रिया पुढचे काम हाती घेऊ शकते. आग लागली नाही तरी तेलातील आम्ल वाढते, रंग काळवंडतो व भाव पडतो. यास्तव सरकीतील ओलावा शेकडा दहाच्या आत असावा, ढीग बेताचे असावेत, मधून वारा खेळावा आणि पोटात ऊब जाणवताच ढीग उलटून मोकळा करावा.

तेलाने भिजलेला कापूसकचरा व चिंध्या यांचाही असाच धोका आहे. विशेषतः जवसाचे तेल हवेत वाळताना उष्णता सोडते. कापसाच्या तंतूंवर ते पसरले की हवेशी येणारा त्याचा संबंध अनेकपट वाढतो, आणि असा बोळा कोपऱ्यात दाबून ठेवला तर ठिणगीवाचूनही पेटू शकतो. अशा चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून रोजच्या रोज बाहेर न्याव्यात. येथे प्रश्न केवळ मालाचा नसून रात्री वखारीत निजणाऱ्या राखणदाराच्या प्राणाचाही आहे.

संत्र्यांविषयी थोडक्यात इतकेच की, तोडलेल्या फळाचे श्वसन उष्णतेबरोबर वाढते. सकाळच्या गारव्यात तोड करून फळ सावलीत ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. मात्र शीतगृहातही मर्यादा पाळावी लागते, कारण अति थंडीने फळास इजा होते.

नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था कामठीचे दानशूर उद्योगपती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिली. तेथे तेलतंत्राचेही शिक्षण दिले जाते. एका उद्योजकाच्या द्रव्यातून विज्ञानाची सोय व्हावी, ही गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. आपली मुले हे शास्त्र शिकून पेढीवर परतली, तर ती व्यापारास उपकारक ठरतील. तोपर्यंत प्रत्येक वखारीत एक साधा तापमापक टांगावा आणि रोजचे उष्णतामान रोजमेळाशेजारी टिपून ठेवावे, एवढी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.