गाडी गटाची, मग काळजी कुणाची?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी बैठकीला जमून सगळ्याजणी मिळून ऐकत असाल. आज मी पिकअप गाडीबद्दल बोलणार आहे. हसू नका! "गाडीतलं बायकांना काय कळतंय?" हे वाक्य आपण बाहेर खूप ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर आपल्याच तोंडूनही ऐकलंय. याच वाक्यापायी आमचा गट एकदा चांगलाच गोत्यात आला. आधी ती गोष्ट सांगते, मग त्यातून आम्ही काय शिकलो ते.

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या. टोमॅटो, कोथिंबीर, मेथी हा आमचा माल. दर खेपेला दुसऱ्याच्या गाडीचं भाडं भरून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा आम्ही दहाजणींनी कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. आरसीवर नाव अध्यक्षताईंचं, आणि गाडी गटाची असल्याचा ठराव इतिवृत्ताच्या वहीत. पहिलं वर्ष झकास गेलं. नारायणगावच्या मार्केटला खेपा, मधूनच घाट उतरून कल्याणला. कर्जाचा हप्ता भागायचा आणि महिनाअखेरीला उरलेले पैसे आम्ही वाटून घ्यायचो.

दुसऱ्या वर्षी टोमॅटोला भाव आला. एका रात्री शंभर क्रेट भरून गाडी कल्याणला निघाली. माळशेज घाटाच्या अलीकडेच मागचा टायर फुटला. ड्रायव्हरदादांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही. जॅक होता, पण त्याचा दांडा नव्हता. सकाळी मदत मिळेपर्यंत बाजार उठला होता. खालच्या क्रेटमधल्या टोमॅटोला पाणी सुटलं होतं. पडेल त्या भावाला माल दिला. पैसे गेले, ते पुढे भरून निघाले. पण तोच टायर अर्ध्या तासानं घाटाच्या उतारावर फुटला असता तर? हा विचार आजही पाठ सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांनी ड्रायव्हरदादांनाच धारेवर धरलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, टायर गोटा झालेत हे मी दोन महिने सांगतोय. तुम्हीच म्हणालात, पुढच्या महिन्यात बघू." सगळ्या गप्प झाल्या. कारण ते खरं होतं. टायरला पैसे नव्हते, कारण ते आम्ही वाटून घेतले होते. शंभर क्रेट भरायला सांगणाऱ्याही आम्हीच होतो. गाडी दहाजणींची होती, म्हणून तिची काळजी कुणाचीच नव्हती.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, गाडी चालवता येवो न येवो, गाडी पाहता प्रत्येकीला आली पाहिजे. आता दर आठवड्याला एकीची पाळी असते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पाच-सात मिनिटं लागतात.

सकाळची पाहणी

आधी गाडीखाली वाका. जमिनीवर काळा, चिकट डाग असेल तर ऑइल गळतंय. हिरवट किंवा लालसर पाणी असेल तर कूलंट गळतंय. अंगण मातीचं असेल तर रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा, डाग लगेच कळतो.

मग बोनेट उघडा. गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड हवं. ऑइलची पट्टी ओढून फडक्यानं पुसा, पुन्हा आत घालून बाहेर काढा. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी नको, तसं जास्तही नको. शेजारच्या प्लास्टिकच्या डब्यावर कूलंटची खूण असते, तीही पाहा. एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा, गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाबानं उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं.

आता टायर. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. दुसरं, टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. समजा ३५२१ असेल, तर तो टायर २०२१ सालातल्या ३५व्या आठवड्यात बनलेला आहे. जुना टायर नवा म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा हे आकडे कामाला येतात. बाजूला चीर गेलेली किंवा फुगा आलेला टायर दिसला, तर त्या दिवशी खेप नाही. हवा किती भरायची ते बहुतेक गाड्यांत दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. आणि हवा तपासताना स्टेपनीला विसरू नका. आमची चूक तुम्ही करू नका.

शेवटी एकीनं ब्रेक दाबायचा आणि दुसरीनं मागे उभं राहून दिवे पाहायचे. ब्रेकचं पायडल एकदम खाली जात असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल, तर गाडी थेट गॅरेजला न्यायची, मार्केटला नाही.

गाडीत काय काय हवं?

गाडीत हवा भरलेली स्टेपनी, दांड्यासकट जॅक, चाकाचा पाना, चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे, टॉर्च, चमकणारा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं आणि पाच लिटर पाणी हवं. गाडी बंद पडली तर त्रिकोण गाडीच्या बराच मागे रस्त्यावर ठेवायचा. रात्री उभ्या गाडीवर मागून धडकून किती अपघात होतात! म्हणून चमकत्या पट्ट्याही धुऊन स्वच्छ ठेवा. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. चिखलानं झाकलेली पट्टी असून नसल्यासारखीच.

हौद्यासाठी चांगली ताडपत्री आणि दोन मजबूत रस्से घ्या. हौद्याच्या पत्र्यावर रबरी मॅट टाकली तर क्रेट घसरत नाहीत आणि पत्राही टिकतो. पण आठवड्याला मॅट उचलून खालचा पत्रा वाळवा, नाहीतर तिथेच गंज धरतो. खत, शेण किंवा मासळी वाहिली असेल, तर त्याच दिवशी हौदा धुवा. मिठानं आणि खतानं पत्रा लवकर खातो. फाळक्याच्या कड्या नीट बसतात ना, हे माल भरण्याआधी पाहा.

ओझं किती?

आरसीवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरा भरलेल्या गाडीचं एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरेल तेवढंच वजन वर चढवता येतं, माणसं धरून. आमच्या गाडीला माल साधारण १५०० किलो चालतो. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये २० किलो माल, आणि क्रेटचं वजन दोन किलो धरा. म्हणजे २२ किलो. ६८ क्रेट झाले की १४९६ किलो. संपलं! आम्ही त्या रात्री शंभर भरले होते, म्हणजे २२०० किलो. सातशे किलो जास्त. झिजलेला टायर, वर एवढं ओझं, तो फुटणार नाही तर काय होणार?

जादा ओझ्यानं टायर, पाटे, क्लच, ब्रेक सगळंच लवकर जातं. शिवाय कायद्यानं ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये वेगळे. बत्तीस क्रेटचं भाडं आणि हा दंड शेजारी शेजारी लिहून पाहा.

ड्रायव्हरदादांशी बोलणी

ड्रायव्हर पगारी असला तरी तो आपला माणूस आहे. त्याच्यावर संशय घेऊ नका, पण नियम लिहून ठरवा. आमचे नियम तीन आहेत. पहिला, ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की गाडी लगेच कडेला घेऊन बंद करायची आणि फोन करायचा. माल उशिरा पोचला म्हणून आम्ही बोलणार नाही. ऑइलविना चार-दोन किलोमीटर गेलेलं इंजिन जाम होतं, आणि तो खर्च गटाला बुडवतो. दुसरा, घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची नाही. इंजिन बंद झालं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. तिसरा, गाडीत वाटलेला प्रत्येक बिघाड वहीत लिहायचा, आणि त्याखाली त्या आठवड्याच्या ताईनं सही करायची. ही सही महत्त्वाची. आता "आम्हाला सांगितलंच नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. ड्रायव्हरदादाही नाही, आम्हीही नाही.

सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायचं ते पुस्तिकेत असतं. ती तारीख आणि किलोमीटर केबिनमध्ये चिकटवून ठेवा. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर भरतो, तो मधूनच पाहायला सांगा. पाट्यांना ग्रीसिंग करून घ्या. बिल पक्कं घ्या आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या. जुना पार्ट हातात आला की नवा खरंच बसवला का, हा प्रश्नच उरत नाही. पावसाळ्याआधी वायपरचे रबर, दिवे, ब्रेक आणि बॅटरी पाहून घ्या.

हौद्यात माणसं नाहीत

आता जरा कडू बोलते. लग्नाला, जत्रेला, मजुरीला आपण किती वेळा पिकअपच्या मागे उभ्यानं गेलो आहोत! आमच्याच गटातल्या एका ताईंच्या घरी लग्न होतं. त्यांनी वऱ्हाडाला गाडी मागितली. आम्ही नाही म्हटलं. त्या दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. वाईट वाटलं, पण ठराव बदलला नाही.

कारण ऐका. मालगाडीच्या हौद्यात धरायला काही नसतं. गाडी उलटली की माणसं बाहेर फेकली जातात. आणि मालगाडीत प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नसते. ती मालकाकडे मागितली जाते. मालक म्हणजे आरसीवर नाव असलेली बाई. आमच्या अध्यक्षताईंना राहायला दोन खोल्या आहेत, बाकी काही नाही. गटाच्या भल्यासाठी आपलं नाव देणाऱ्या बाईच्या दारात अशी नोटीस आली, तर आपण तिला काय तोंड दाखवणार? मालाबरोबर मालाच्या मालकिणीनं जायचं असेल, तर तिनं केबिनमध्येच बसायचं, आणि तेही सीट असेल तेवढ्याच जणींनी.

त्या ताई आता परत आल्या आहेत. गेल्या महिन्यात पाहणीची पाळी त्यांचीच होती.

कागद आणि पैसा

आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, टॅक्स, ड्रायव्हरचं लायसन्स, यांच्या संपायच्या तारखा बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावा. मालगाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावं लागतं. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या वर असेल तर परमिटही लागतं. विमा काढताना पगारी ड्रायव्हरचा विमा त्यात आहे का, हे विचाराच. आणि एक चांगली बातमी. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे, की हलक्या चारचाकीच्या, म्हणजे एलएमव्ही, लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडीही चालवता येते. आमच्या दोघीजणी सध्या गाडी शिकताहेत!

आता पैसा. वाटप करण्याआधी आम्ही दर किलोमीटरला तीन रुपये बाजूला काढतो. महिन्याला २,००० किलोमीटर झाले तर ६,००० रुपये, वर्षाला ७२,०००. यातूनच विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि फिटनेस. हे पैसे वेगळ्या खात्यात असतात आणि अंतर्गत कर्जालाही ते द्यायचे नाहीत असा ठराव आहे. तुमचा आकडा वेगळा येईल. वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग आणि टायरची वर्षाची झीज यांची बेरीज करा, वर्षाच्या किलोमीटरनं भागा, तुमचा आकडा निघेल. पहिल्या महिन्यात वाटप कमी झालं म्हणून आमच्यातही कुरबुर झाली. पण यंदा चारही टायर बदलले, तेव्हा कुणाकडे हात पसरावा लागला नाही.

येत्या बैठकीत एवढंच करा. हिशेब संपला की सगळ्याजणी उठा, गाडीपाशी जा आणि स्टेपनी दाबून पाहा. हवा असेल तर उत्तमच. नसेल, तर तुमची पहिली पाळी कुणाची ते तिथंच ठरवा.

येते मी. नमस्कार.